बालपणीचा पोलिओ आणि वाढीच्या वयातील अपंगत्व : कन्हेरी परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

बीजसंज्ञा : पोलिओ, बालपक्षाघात, सांधे आखडणे, कॅलिपर, पुनर्वसन, उत्तरपोलिओ अवस्था

प्रस्तावना

भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. पुढे २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. तथापि विषाणू गेला म्हणजे पोलिओ झालेली माणसे गेली असे नव्हे. १९६० ते १९९० या काळात जन्मलेली आणि लहानपणी या आजारात सापडलेली माणसे आज चाळिशी ओलांडून साठीकडे झुकली आहेत. ती आपल्या शिक्षकखोल्यांत आहेत, कार्यालयांत आहेत, गावातील पिठाच्या गिरणीवर आणि शिलाई यंत्रावर बसलेली आहेत. एकेकाळी बाजारपेठेतील एस.टी.डी. बूथमध्येही तीच दिसत असत.

प्रस्तुत लेखाचा विषय पोलिओचे निर्मूलन हा नाही. आजार होऊन गेल्यानंतर ते मूल वाढते कसे, हा आहे. पोलिओचा तीव्र आजार काही दिवसांचा असतो. अपंगत्व मात्र त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घडत जाते आणि त्यातील मोठा भाग टाळता येण्याजोगा होता, असे येथे मांडावयाचे आहे. विवेचनासाठी बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. मारुतीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले, बारामतीपासून जवळचे, नीरा डाव्या कालव्याच्या उसाच्या पट्ट्यातील हे गाव दुर्गम म्हणता येणार नाही. म्हणूनच येथून उपचार किती दूर होते हे पाहणे उद्बोधक ठरते. येथे कोणा एका व्यक्तीची हकीकत सांगितलेली नाही. अशा गावातील मुलाच्या वाट्याला जे येत असे त्याचा हा विचार आहे. शब्दाविषयी एक खुलासा : आज 'दिव्यांग' हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला आहे. परंतु ज्या काळाविषयी हे लेखन आहे त्या काळी 'अपंग' हाच शब्द होता, म्हणून तो येथे ठेवला आहे.

आजार आणि त्याची आठवण

पोलिओचा विषाणू दूषित पाणी, अन्न वा हातांवाटे तोंडातून शरीरात जातो आणि आतड्यात वाढतो. बाधा झालेल्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही, अथवा दोन दिवस ताप येऊन जातो. साधारणतः दोनशे बाधितांपैकी एखाद्याच्या बाबतीत तो मज्जारज्जूतील चालक पेशींपर्यंत पोहोचतो. या पेशी नष्ट झाल्या की त्यांच्या अधीन असलेले स्नायू निकामी होतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. संवेदना वाहून नेणाऱ्या पेशींना धक्का लागत नाही. लुळ्या पडलेल्या पायाला काटा टोचलेला कळतो, चटका कळतो, थंडी कळते; फक्त तो पाय उचलता येत नाही. बुद्धीवरही काही परिणाम होत नाही. आपल्याकडे 'वारं गेलं' या एकाच शब्दप्रयोगात म्हाताऱ्या माणसाचा पक्षाघात आणि लहान मुलाचा पोलिओ दोन्ही बसवले गेले. त्यामुळे 'आता यात काही करण्यासारखे नाही' ही वृद्धाच्या बाबतीतली निराशा लेकरालाही चिकटली.

अमेरिका व युरोपात विसाव्या शतकात स्वच्छता वाढली, तसा हा आजार मोठ्या मुलांना आणि प्रौढांनाही होऊ लागला. फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ साली आजारी पडले तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. भारतात चित्र उलट होते. विषाणू सर्वत्र असल्यामुळे मूल अगदी लहान असतानाच त्याच्याशी गाठ पडे आणि बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले असत. याचा परिणाम केवळ वैद्यकीय नाही. ज्याला चालता येत होते आणि मग येईनासे झाले, त्याच्यापाशी 'आधीचा मी' असतो. वर्षाच्या आत ज्याचा पाय गेला त्याला असा 'आधी' नसतो. पुनर्वसनाच्या पाश्चात्त्य साहित्यात गमावणे, शोक आणि स्वीकार या पायऱ्या सांगितल्या जातात. त्या आपल्याकडील पोलिओग्रस्ताला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, असे माझे मत आहे. हे मूल काही गमावत नाही. आपले शरीर असेच असते असे समजून ते वाढते, आणि आपण वेगळे आहोत हे त्याला इतर मुले पळू लागल्यावर, बहुधा शाळेच्या वयात, बाहेरून कळते.

त्याच्या आजाराची गोष्ट त्याची स्वतःची नसते. ती आईची असते. आणि आईच्या त्या गोष्टीत बहुतेक वेळा एक सुई असते.

सुईचा प्रश्न

पावसाळ्याचे दिवस होते, पोराला ताप आला, डॉक्टरकडे नेले, त्यांनी सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. ग्रामीण महाराष्ट्रात ही हकीकत इतक्या घरांत सारख्याच शब्दांत सांगितली जाते की शिकलेल्या मंडळींनी तिला अडाणी समजूत ठरवून टाकले. ती तशी आहे काय?

पहिली शक्यता योगायोगाची. तो ताप पोलिओचाच होता आणि सुई टोचली नसती तरी पाय गेलाच असता. दुसरी शक्यता अशी की कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचल्यामुळे पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूलाच इजा झाली. हा पोलिओ नव्हे, परंतु त्यातही पाय लुळा पडतो. तिसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे. १९५० च्या सुमारास ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या ध्यानात आले की पोलिओच्या साथीच्या काळात ज्या मुलांना नुकतेच इंजेक्शन दिले होते, त्यांच्या नेमक्या त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचे प्रमाण अधिक होते. ब्रिटिश संशोधक एच. व्ही. वायट यांनी पुढे भारतातील रुग्णांच्या संदर्भात हाच मुद्दा अनेक वर्षे लावून धरला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांमध्ये असे दिसले की सुईमुळे स्नायूला झालेल्या इजेनंतर विषाणू त्या स्नायूच्या मज्जातंतूवाटे अधिक सहजतेने मज्जारज्जूकडे जातो. अंगात विषाणू असताना दिलेले इंजेक्शन साध्या तापाचे रूपांतर पक्षाघातात करू शकते, असा याचा अर्थ आहे.

म्हणजे आईचे म्हणणे सरसकट खरे नसले तरी सरसकट खोटेही नव्हते. यात कोणा एका डॉक्टरला दोषी धरण्यात हशील नाही. सुई टोचल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखे वाटू नये, ही समजूत रुग्णाची आणि व्यावसायिकाची समान होती. पण सुशिक्षितांच्या उपहासाचा एक परिणाम झाला. सुईचा दोष मान्य होईना, तेव्हा तो घरात परतला आणि 'तूच त्याला तिथे नेलेस' असे म्हणत मुलाच्या आईवर येऊन बसला. अनेक घरांत तो अजून तिथेच आहे.

वाढते शरीर

तीव्र आजार ओसरल्यानंतर काही स्नायूंत आपोआप ताकद परत येते. ही सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत आणि फार तर दीड-दोन वर्षांपर्यंत होते. याच काळात दुसरी एक प्रक्रिया उलट दिशेने सुरू असते. स्नायू जोडीने काम करतात. त्यातला एक निकामी झाला की दुसरा सांध्याला आपल्याकडे ओढत राहतो. मूल दिवसभर जमिनीवर बसते. मांड्या पोटाकडे वाकलेल्या, गुडघे दुमडलेले, पाऊल खाली लोंबलेले. शिरा व स्नायू त्याच स्थितीत आखूड होतात. काही महिन्यांनी पाय सरळ करू गेले तर दुखू लागते आणि काही वर्षांनी तो सरळ होतच नाही. वैद्यकीय परिभाषेत यास सांधे आखडणे म्हणतात. ज्या मुलाला आधार देऊन उभे करता आले असते, ते आता उभेच राहू शकत नाही. मग ते हातांवर भार देऊन सरपटते. सरपटणे हे विषाणूचे काम नव्हे, ही बाब शल्यचिकित्सकांना पूर्वीपासून माहीत आहे. समाजशास्त्राच्या चर्चेत मात्र ती क्वचित येते.

आखडणे टाळण्याचा उपाय साधा आहे. दिवसातून काही वेळा सांधे हलक्या हाताने ताणणे, मुलाला रोज थोडा वेळ पालथे झोपवणे, रात्री फळी आणि पट्ट्यांनी पाय सरळ बांधून ठेवणे. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ते एवढेच की कोणीतरी आईला हे दाखवावे आणि तिला रोज त्यासाठी तासभर मिळावा. उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या बाईपाशी हे दोन्ही नव्हते. पायाला तेल चोळणे मात्र सर्वांना माहीत होते आणि ते मनोभावे केले गेले. चोळण्याने पाय सरळ होत नाही.

ज्याच्या मांडीचा पुढचा स्नायू गेला आहे, ते मूल चालू लागले तर त्याचा गुडघा भार पडताच मुडपतो. ते स्वतःच एक युक्ती शोधते. पाऊल टाकताना त्या बाजूच्या हाताने मांडी मागे रेटायची आणि गुडघा पक्का करायचा. आपण सर्वांनी अशी चाल पाहिली आहे. या चालीत हात हा हात राहत नाही. तो पायाचा भाग होतो. मग दप्तर कोणत्या हातात घ्यायचे, पावसात छत्री कोणत्या हातात धरायची, विहिरीवरून कळशी कशी आणायची? वर्षानुवर्षे एका बाजूला वाकून चालल्याने पाठीचा कणाही वाकतो. शिवाय निकामी पाय दुसऱ्याच्या बरोबरीने वाढत नाही, तो आखूड व बारीक राहतो. त्यामुळे कमर तिरपी होते. मूल वाढत असते, म्हणून अपंगत्वही वाढत असते. पाच वर्षांच्या वयात ज्याला डॉक्टर 'किरकोळ' म्हणाले, त्याच पायाला पंधराव्या वर्षी तसे म्हणता येत नाही.

येथे कॅलिपरचा, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या साधनाचा विचार करावा लागतो. जुन्या पद्धतीचे कॅलिपर जाड चामड्याच्या बुटात बसवलेले असे. ते वजनदार होते, काळ्या जमिनीच्या चिखलात रुतत असे, आणि मूल उंच झाले की वर्षा-दीड वर्षात तोकडे पडे. पण याहून मोठी अडचण वेगळी होती. आपल्याकडे घरात, देवळात आणि पुष्कळ शाळांतही पादत्राणे बाहेर काढून आत जावे लागते. बूट काढायचा म्हणजे कॅलिपर काढायचे आणि कॅलिपर काढले की मूल पुन्हा जमिनीवर. ज्या संस्कृतीत उंबऱ्याच्या आत बूट चालत नाही आणि बैठक जमिनीवर असते, तेथे खुर्चीवर बसणाऱ्या देशांत तयार झालेले साधन जसेच्या तसे दिले गेले. शौचासाठी उकिडवे बसणेही त्यात शक्य नव्हते. पुढे पायाच्या आकाराप्रमाणे घडवलेली हलकी प्लॅस्टिकची साधने आली आणि हा प्रश्न काही अंशी सुटला. दिलेले कॅलिपर घराच्या माळ्यावर पडून राहिले, म्हणून पालकांना बेफिकीर ठरवणाऱ्यांनी हा उंबरा विचारात घेतला नव्हता.

हाजी अलीची संस्था : एका आईचा प्रयत्न

योग्य वेळी योग्य उपचार झाले असते तर काय घडले असते, याचे उत्तर काल्पनिक नाही. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांनी ते प्रत्यक्ष दाखवले. त्या स्वातंत्र्यचळवळीत वावरलेल्या आणि काँग्रेसचे कार्यकर्ते उमर सोबानी यांच्या भगिनी होत्या. त्यांच्या मुलीला अगदी लहानपणी पोलिओ झाला. भारतात यावर उपचार नाहीत असे सर्वत्र सांगितले जात असताना त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या आणि तेथे बराच काळ राहिल्या. नंतर दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यात ज्या सोयी झाल्या होत्या तेथे मुलीला व्यायामोपचार मिळावेत म्हणून त्यांनी खटपट केली. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ सालीच सुरू झाले होते हे येथे आठवावे. हातपाय गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याचे ज्ञान या जिल्ह्यात होते; ते सैनिकासाठी होते, मुलासाठी नव्हते.

मुलगी सुधारली. फातिमाबाईंनी तेवढ्यावर न थांबता १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या साहाय्याने मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीची संस्था आणि हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्याच वर्षी तेथे पोलिओ संशोधन विभागही स्थापन झाला. १९५५ मध्ये हाजी अली येथेच भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

या कार्याचे मोल कमी न लेखता एक गोष्ट नोंदवावी लागते. फातिमा इस्माईल यांच्यापाशी चिकाटी होती, तशीच महिनोन्महिने परगावी राहण्याची ऐपत होती आणि मोठ्यांच्या दारापर्यंत पोहोचण्याची ओळखही होती. चिकाटी कन्हेरीच्या आईपाशीही असू शकते. बाकीच्या दोन गोष्टी गृहीत धरूनच आपली पुनर्वसनव्यवस्था उभी राहिली. मोठे उपचार मुंबईत, मग पुण्यात. कन्हेरीहून पुणे शंभर किलोमीटरच्या घरात. एकदा शस्त्रक्रियेसाठी जाणे कर्ज काढून जमते. परंतु पोलिओच्या मुलाला एकदाच नेऊन भागत नाही. त्याचे शरीर वाढते, म्हणून त्याला पंधरा वर्षे नेत राहावे लागते. दर खेपेला घरातील एक मजुरी बुडते, सोबत एक मोठे माणूस लागते आणि धाकटे भावंड कोणाकडे तरी ठेवावे लागते. 'उपचार अर्धवट सोडला' असा शेरा ज्या कागदांवर पडला, त्यांमागे हे गणित होते.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. १९६० च्या दशकात युगांडातील कंपाला येथे रोनाल्ड हकस्टेप या अस्थिशल्यविशारदाने स्थानिक लोखंड, कातडे आणि लाकूड वापरून स्वस्त कॅलिपर व पादत्राणे करण्याची पद्धत बसवली. मेक्सिकोतील एका डोंगराळ खेड्यात डेव्हिड वर्नर यांच्या प्रेरणेने अपंग तरुणच अशी साधने घडवू लागले. त्या अनुभवावरील त्यांचे सचित्र पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वापरले गेले. जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह घडवलेला पाय तर सर्वपरिचित आहे. बारामतीच्या बाजारात लोहार होते, सुतार होते, चामड्याचे उत्तम काम करणारे कारागीर होते. बैलगाडीची धाव बसवणाऱ्या हाताला कॅलिपरची पट्टी वाकवणे अवघड नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी एक कार्यशाळा आणि मोजमाप घेणारा एक प्रशिक्षित माणूस एवढेच पुरेसे होते. ही कल्पना धोरणात कधी मध्यभागी आली नाही. साधनांसाठी केंद्राची सहाय्ययोजना १९८१ पासून होती, परंतु तिचे रूप प्रायः शिबिराचे राहिले. शिबिरात साधन मिळते; पुढच्या वर्षी ते तोकडे झाले की पुढच्या शिबिराची वाट पाहावी लागते.

लसीचे वर्तुळ आणि त्याबाहेरची मुले

तोंडावाटे द्यावयाची लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात १९७९ मध्ये आली. तरीही पुढील दशकभर आजार होतच राहिला. लस थंड ठेवण्याची साखळी तुटणे हे त्याचे एक कारण होते. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी दुसरेही दाखवून दिले. आपल्याकडील मुलांत या लसीच्या तीन मात्रांनी पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही, अधिक मात्रा लागतात. 'डोस देऊनही पोलिओ झाला' हे पालकांचे म्हणणेही म्हणूनच खोटे नव्हते. ९ डिसेंबर १९९५ रोजी देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली ती या अनुभवावर.

मोहिमेच्या नंतरच्या टप्प्यात आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य समोर आले. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. त्यांची मुले गावातील यादीत नसतात, कारण ती येथे असतात. आणि येथील यादीत नसतात, कारण ती येथली नसतात. खोप्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि एस.टी. स्थानकांवर जाऊन लस पाजणारी पथके ही याची दखल होती. लशीसाठी जे शक्य झाले, ते कॅलिपरसाठी कोणी करून पाहिले नाही.

शाळेत मोजलेली आणि न मोजलेली

पोलिओची खरी व्याप्ती समजावी म्हणून एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक देशांत, भारतातही, लंगडेपणाच्या पाहण्या झाल्या. काही पाहण्या घरोघर, तर काही शाळांतून झाल्या. शाळेतील पाहणीची मर्यादा उघड आहे. जे मूल चालत शाळेत येऊ शकते तेच त्यात मोजले जाते. सरपटणारे मूल घरात असते. म्हणजे ज्याचे अपंगत्व सर्वाधिक, तेच गणनेत नाही. एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ मध्ये आली, परंतु ओढ्यापलीकडची शाळा योजनेमुळे अलीकडे येत नाही.

शेतकरी कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत निर्णय वेगळे झाले. 'शेतीच्या कामाचा नाही, निदान शिकू दे' या विचाराने लंगड्या मुलाला शाळेत टिकवले गेल्याची उदाहरणे या परिसरात सर्रास ऐकू येतात. अपंगत्वामुळे शिक्षण मिळाले, असा हा विचित्र न्याय होता. मुलीच्या बाबतीत तो लागू झाला नाही. 'हिचे लग्न होणार नाही' याचा अर्थ 'हिला शिकवू' असा क्वचितच झाला. बसून करण्याची घरकामे आणि भावाची मुले सांभाळणे हेच तिचे जीवन ठरले.

या ठिकाणी कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्यांचे अपंगत्व पोलिओचे नव्हे आणि बालपणीचेही नव्हे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झाल्याने त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. खेड्यापाड्यांतून आलेल्या अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, शस्त्रक्रियेसाठी मदत आणि साधने घडवणारी कार्यशाळा या गोष्टी तेथे एकत्र आल्या. शाळेसाठी एक दार आणि उपचारासाठी दुसऱ्या शहरातील दार, ही फरफट तेथे थांबली. वसतिगृहाच्या दारांची रुंदी, ओट्याची उंची आणि शौचालयाची रचना तेथे राहणाऱ्यांना विचारून ठरली, हे मला त्या कार्याचे सर्वांत महत्त्वाचे अंग वाटते.

महाविद्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत

अपंगत्वाच्या अभ्यासात 'सामाजिक प्रतिमान' म्हणून ओळखली जाणारी मांडणी ब्रिटनमध्ये १९७६ पासून आकाराला आली आणि माईक ऑलिव्हर यांनी तिला सैद्धांतिक रूप दिले. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने घातलेले अडथळे वेगळे. माणूस अपंग होतो तो अडथळ्यांमुळे, असे ती सांगते. पायऱ्या काढून उतार केला की चाकाची खुर्ची वर जाते, हे खरेच आहे. पोलिओचा अनुभव मात्र या दोहोंमधील रेषा पुसट करतो. आखडलेला गुडघा शरीरात आहे, म्हणून तो वैद्यकीय म्हणावा काय? तो आखडला तो आईला तासभर मिळाला नाही म्हणून, व्यायाम शिकवणारा शंभर किलोमीटरवर होता म्हणून. समाजातील विषमता येथे शरीराबाहेर थांबत नाही. ती हाडांच्या ठेवणीत उतरते आणि मग टक्केवारीच्या प्रमाणपत्रात वैयक्तिक उणीव म्हणून नोंदली जाते.

१९९५ च्या कायद्याने ४० टक्के ही पात्रतेची मर्यादा घातली आणि शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणातील प्रमाण पाच टक्के आणि शासकीय नोकरीतील प्रमाण चार टक्के केले, तसेच अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. महाविद्यालयांच्या मूल्यांकनातही उतार, उद्वाहक, लेखनिक यांची विचारणा होते. आज पुष्कळ महाविद्यालयांत उतार आहेत, आणि त्यांच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. अर्ध्या जागेत बसवलेला उतार छायाचित्रापुरता असतो. मुख्य म्हणजे ज्या पिढीला हे उतार हवे होते, ती गुडघ्यावर हात रेटत दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत चढून पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली. कित्येकांनी विज्ञान शाखा सोडली ती गुणांमुळे नव्हे, जिन्यामुळे.

आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांत पोलिओ जवळजवळ नाही. परंतु मेंदूच्या पक्षाघाताची, बालपणीच्या मेंदूज्वरानंतरची, अपघातानंतरची मुले आहेत आणि त्यांचेही सांधे त्याच पद्धतीने आखडतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांचा शोध गावपातळीवर घेतला जातो. व्यायामोपचाराचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र मात्र जिल्हास्तरावर आहे. म्हणजे कन्हेरीतील मुलाचे निदान आता कन्हेरीत होऊ शकते, आणि आठवड्यातून दोनदा पुण्याला जाण्याचा प्रश्न तसाच राहतो. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे अंतर कमी होण्यास वाव आहे.

उत्तरपोलिओ अवस्था

पोलिओतून वाचलेल्या चालक पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. शेजारच्या मेलेल्या पेशींनी अनाथ केलेल्या स्नायुतंतूंना त्या नवे फाटे पाठवून आपल्या अधीन घेतात. एकेक पेशी आपल्या मूळ वाट्याच्या कितीतरी पट तंतू सांभाळते. मूल चालू लागते ते या जादा कामावर. पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, या थकलेल्या पेशींचे फाटे झडू लागतात. चांगल्या समजल्या गेलेल्या पायातही नवी दुर्बलता येते, सांधे दुखतात, थकवा झोपेने जात नाही, थंडी सोसवत नाही. याचे पहिले वैद्यकीय वर्णन १८७५ साली फ्रान्समध्ये झाले होते. आपल्याकडे मात्र पोलिओ पाहिलेल्या डॉक्टरांची पिढी निवृत्त झाली आहे आणि नव्या पिढीने तो पुस्तकात वाचला आहे. पंचेचाळीस वर्षांचा कर्मचारी 'जिना चढवत नाही' म्हणाला तर वय, वजन अथवा कामचुकारपणा ही कारणे आधी सुचतात. 'व्यायाम वाढवा' हा सल्ला दिला जातो. थकलेल्या पेशींवर दमवणारा व्यायाम लादणे अपायकारक ठरू शकते. मोजका व्यायाम, मध्ये विश्रांती, काठी वा कॅलिपर पुन्हा सुरू करणे, कामाची जागा तळमजल्यावर आणणे हे उपाय आहेत. ज्याने तरुणपणी मोठ्या जिद्दीने कुबडी सोडली, त्याला ती पुन्हा घ्यायला सांगणे सोपे नसते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एक ओळ असते : ही स्थिती वाढणारी आहे, न वाढणारी आहे, सुधारण्याची शक्यता आहे, किंवा नाही. पोलिओग्रस्तांच्या प्रमाणपत्रावर प्रायः 'न वाढणारी' यावर खूण केलेली असते, आणि पंचवीस वर्षांपूर्वी ती खूण त्या वेळच्या समजुतीप्रमाणे बरोबरच होती. नव्याने तपासणी मागण्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, मंडळापुढे उभे राहावे लागते, आणि मंडळ अनेकदा पहिल्या मजल्यावर बसते.